डावीकडे पाहणारी बाई

तास संपला की सर फळ्यावरचं चित्र स्वतः पुसायचे, मुलांना हात लावू द्यायचे नाहीत. चित्र माणसाचं असलं तर आधी त्याचे डोळे पुसायचे, बोटाच्या टोकानं, एकेक करून. मग बाकीचा चेहरा डस्टरनं. मी शाळेत नवी होते तेव्हा एकदा दारात उभी राहून हे पाहिलं आणि विचारलं, असं का. सर म्हणाले, "पुसनाऱ्याकडं पाह्यत राह्यते ना ते, मॅडम." इतक्या साधेपणानं म्हणाले, की पुढं विचारायला काही उरलं नाही.

मेहकरच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी मराठी. आठवीच्या वर्गावर माझा तास त्यांच्या पाठोपाठ असायचा. कधी मी लवकर पोचले तर फळ्यावर बिनडोळ्यांचा एखादा म्हातारा अजून बाकी असायचा आणि सर त्याच्यासमोर डस्टर धरून उभे.

उंच, वाळलेला माणूस. भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटण लावलेला. नवा माणूस भेटायला आला की त्याच्याकडं पाठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बोला, ऐकून राह्यलो." नवे मुख्याध्यापक पहिल्या दिवशी या प्रकारानं चांगलेच दुखावले होते. सरांनी भिंतीकडं तोंड ठेवूनच खुलासा केला, "तोंड पाह्यलं का मले ऐकू येत नाही, साहेब. एकावेळी एकच होते माह्याच्यानं." मुख्याध्यापकांनी सरांच्या बदलीचे कागदही तयार करायला घेतले होते म्हणे, पण पुढं त्यांनाही सवय झाली.

रविवारी सर बसस्टँडवर जाऊन बसत. चित्रं काढत, पण फक्त गाडी चुकलेल्या माणसांची. लोणारची गाडी फाटकातून बाहेर पडताना मागून धावत आलेला, थांबलेला, पिशवी खाली ठेवणारा माणूस दिसला की यांची पेन्सिल सुरू. म्हणायचे, "गाडी भेटली का मानूस तोंड नीट करते. चुकली का दोन मिनिटं तसंच उघडं राह्यते."

पण लोक त्यांना ओळखत ते वेगळ्याच कामासाठी. ज्यांचा एकही फोटो राहिला नाही अशा मेलेल्या माणसांची चित्रं सर काढून द्यायचे. आजूबाजूच्या गावांत अशी घरं पुष्कळ. आजी गेली तेव्हा घरात कॅमेरा कुठला? बाळंतपणात गेलेली बायको, विहिरीत गेलेली बहीण. लोक यायचे, सरांच्या पाठीमागं बसायचे, आणि सर भिंतीकडं तोंड करून प्रश्न विचारायचे. नाक कसं, रंग कसा, हे कधीच नाही. रागावली तर भांडं आपटायची का गप बसायची? दारात उभी राहिली तर कोणत्या पायावर भार? ऊन आलं तर कपाळावर हात धरायची का डोळे बारीक करायची? मग सांगायचे, "तिच्या हातचं काय आवडे तुमाले? ते करून आना." लोक घरून डबा आणायचे. सर तो पूर्ण खायचे, एक शब्द न बोलता, आणि हात धुऊन कोळसा हातात घ्यायचे. चित्र पाहून लोक मटकन खाली बसलेले मी स्वतः पाहिलेत.

कोणी विचारलं की हे जमतं कसं, तर म्हणायचे, "मी काई नाही काढत. त्यायच्याजवळच असते. फक्त त्यायले दिसत नाही."

त्यांची स्वतःची बायको फार वर्षांपूर्वी गेली होती. तिचं चित्र मात्र घरात नव्हतं. एकच फोटो होता, लग्नातला, त्यात मुंडावळ्यांखाली मान इतकी खाली घातलेली की फक्त भांग दिसायचा. मी एकदा म्हटलं, सर, तुम्ही काकूंना काढलं नाही कधी. तर हसले. "मले तं दिसते ना. ज्याले दिसत नाही त्याच्यासाठी काढा लागते."

निवृत्तीनंतर त्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी थोडा, मग चहाचा कप बशीवर वाजेल इतका. रेघ येईना. दारी आलेल्या माणसांना परत पाठवताना मी त्यांना पाहिलंय. पाठ करून उभे राहण्याचीही सवय सुटली होती तेव्हा, सरळ तोंडाकडं पाहून "नाही जमत बाप्पा आता" म्हणायचे. मग पुण्याला असलेल्या लेकीनं एक कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात ते बोललं की चित्र काढणारं काहीतरी बसवून दिलं. एआय म्हणतात ते. सर आधी थट्टा करायचे. एक दिवस मी त्यांच्या घरी गेले तर त्या यंत्राशी बोलत बसलेले, अगदी अदबीनं. आम्हा सगळ्यांशी वऱ्हाडीत आडवंतिडवं बोलणारा माणूस, मुलांना सरळ "काऊन बे" म्हणणारा, यंत्राला म्हणत होता, "थोडं थकलेलं दाखवा. शेतातून आलेली हाये, आजारी नाही. हाव, आता काढा." आणि म्हटल्यावर स्क्रीन भिंतीकडं फिरवून ठेवायचे. चित्र तयार होताना पाहायचं नाही. झालं की फिरवायचे.

"ऐकते मातर चांगलं," मला म्हणाले. "मानसापेक्षा चांगलं ऐकते. मधात बोलत नाही."

त्यांचं काम पुन्हा सुरू झालं. प्रश्न तेच, डबा तोच, फक्त कोळशाच्या जागी हे. मला त्यांच्यासाठी बरं वाटलं होतं.

त्याच सुमारास माझा दादा एक दिवस सुलतानपूरहून आला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "पोरीचं लग्न हाये. भिंतीवर मायचा फोटो पायजे होता."

आमची आई मी नुकती चालायला लागले होते तेव्हा गेली. तिचा फोटो कधी निघालाच नाही. दादा तेव्हा शाळेत जाणारा, त्याला ती आठवते. मला नाही. मला फक्त तिच्याबद्दल लोक बोलताना गप्प होतात ते आठवतं. मी दादाला सरांकडं घेऊन गेले. बायकोनं केलेली अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी त्यानं फडक्यात बांधून आणल्या होत्या.

सरांनी त्या दिवशी सकाळपासून दुपार कलेपर्यंत प्रश्न विचारले. दादा आधी अडखळत होता, मग बोलत सुटला. आई शेळ्यांना हाक मारायची नाही, शीळ घालायची. बायामाणसं नावं ठेवायची तरी घालायची. दादाचा कान धरायची तो मारायला नाही, त्याला सोबत चालवायला. पैनगंगेला पाणी असलं की वाटेत थांबून आधी तोंड धुवायची, मगच पुढं. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. इतक्या वर्षांत दादानं मला यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

सरांनी यंत्राला सगळं सांगितलं, स्क्रीन भिंतीकडं केली, आणि नंतर फिरवली. तिशीची एक बाई. डोक्यावर पदर, गालफडं थोडी वर आलेली. समोर पाहत नव्हती. डाव्या बाजूनं कोणीतरी हाक मारल्यासारखी जरा वळून पाहत होती.

दादानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "माय," एवढंच म्हणाला.

मी रडले. मला काहीच आठवत नसताना मी ओळखल्यासारखी रडले.

पुढं काही महिन्यांनी आमच्या शाळेतल्या मोठ्या बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, नवीन घर बांधलं आणि आम्हा शिक्षकांना चहाला बोलावलं. बाबूंची बायको घर दाखवत होती. स्वयंपाकघर, मग देवघर, मग हॉल. हॉलमध्ये हार घातलेला मोठा फोटो होता. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाकात नथ. आणि त्या सगळ्याखाली माझी आई होती. डावीकडं पाहत होती.

"आमच्या सासूबाई," बाबूंची बायको म्हणाली. "यांच्या लहानपणीच गेल्या. सरांनी काढून दिल्या. आमच्या नणंदबाई पाहून किती रडल्या, काय सांगू. हुबेहूब आहेत म्हणे."

मी हातातला कप खाली ठेवला. वाटलं, सारखेपणा असतो कधी कधी. मग मी मोबाईलमध्ये असलेला दादाच्या घरच्या भिंतीचा फोटो उघडला आणि त्या चेहऱ्याशेजारी धरून पाहिला. बाबूंच्या बायकोला दाखवला नाही. काय म्हणून दाखवणार?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरांकडं गेले. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "तुमाले कुठं दिसली?"

मी सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि एकामागून एक चित्रं दाखवत गेले. म्हातारी, तरुण, कुंकवाची, बिनकुंकवाची, लुगड्यातली, साडीतली. जानेफळची कोणाची आजी, लोणारकडची कोणाची बहीण. प्रत्येकीच्या चेहऱ्यात तीच होती. काहींत ती लगेच दिसत नव्हती, पण एकदा दिसली की दुसरं कोणी दिसत नव्हतं.

"मी सांगतो येगळं," सर म्हणाले. "गडीमानसं येगळे येतात. बायांच्या जागी हेच येते. चौथ्या-पाचव्या टायमाले माह्या ध्यानात आलं. म्हनलं, लोक आता परत आनून टाकतीन. एकानंबी आनली नाही, मॅडम. एकानंबी म्हनलं नाही का हे आमची नाही."

मी मला माहीत होतं ते सांगितलं. या यंत्रांना लाखो फोटो दाखवलेले असतात. त्यातून ते सगळ्यांची मिळून एक सरासरी बाई काढतात, गरीब, गावाकडची, आपल्याकडची. म्हणून सगळ्यांना ती ओळखीची वाटते. यात घाबरण्यासारखं काही नाही.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सरासरी हाये, तं मंग कोनाकडं पाहून राह्यली?"

मी पुन्हा स्क्रीनकडं पाहिलं. तिच्या डाव्या बाजूला चित्रात काहीच नव्हतं. कुठल्याच चित्रात नव्हतं.

"तुम्ही पुसून टाका सगळी," मी म्हणाले.

"पुसून पाह्यली काही. पन या मशीनमंधी डोळे आधी पुसता येत नाहीत. एकदम जाते. अन् दुसऱ्या बाईचं सांगतलं का परत तीच येते." कापणारा हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता. "मी मशीनले विचारून पाह्यलं. म्हनलं, माही बायको काढून दाखवा. सगळं सांगतलं. माह्यापेक्षा जास्त कोनाले ठाऊक राह्यते? स्क्रीन फिरवली तं हेच."

"मग?"

"मंग काई नाही. त्या दिवसापासून डोळे मिटले का हेच दिसते. बायको दिसत नाही." भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडं त्यांनी बोट केलं. "तिचा भांग दिसते फक्त."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मला तिथून उठावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

त्यानंतर सरांनी जे केलं त्याबद्दल मेहकरात बरेच दिवस लोक बोलत होते. सरांच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच बोलत होते. खांद्याला पिशवी लावून ते एसटीनं गावोगाव फिरले आणि ज्यांना ज्यांना चित्रं दिली होती त्यांच्याकडून ती परत मागू लागले. कोणी चहा पाजून पाठवलं, कोणी दारातूनच. बाबूंच्या बायकोनं मला विचारलं, सरांना घरचं कोणी बघत नाही का. पिशवी जशी न्यायचे तशी रिकामी परत यायची.

सुलतानपूरला मी त्यांच्यासोबत गेले. दादाच्या घरात समोरच्या भिंतीवर बुद्धाची मूर्ती ठेवलेली फळी आहे. तिच्या बाजूला आईचं चित्र. खाली मेणबत्ती लावून ठेवलेली होती, फुलं ताजी होती. दादानं खुर्ची पुढं केली, पण सर बसले नाहीत. चित्रातली बाई जिकडं पाहत होती तिकडून सरकून ते उजवीकडं जाऊन उभे राहिले.

"चुकलं माह्याच्यानं," सर म्हणाले. "हे तुमची माय नाही. मले परत द्या."

दादा हसला नाही की रागावला नाही. "मंग माही माय कशी होती, सर?"

"मले काय ठाऊक? तुमाले ठाऊक पायजे."

"मले हेच आठवते आता," दादा म्हणाला. "तुमी म्हनता नाही, तं नसन. खरी आनून द्या, मंग हे घेऊन जा. तुमी हे नेली तं भिंतीवर काय राहीन?"

सरांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मी रोज बोलतो तिच्याशी," दादा खालच्या आवाजात म्हणाला. "पोरीच्या लग्नाचं सगळं सांगतलं. ऐकते ते."

"ऐकते," सर म्हणाले. "ऐकते मातर चांगलं." आणि पिशवी उचलून बाहेर गेले. परतीच्या गाडीत ते पुढच्या बाकावर जाऊन बसले. मी बाहेर पाहत होते, आणि खरं सांगायचं तर दादानं ते चित्र दिलं नाही याचं मला बरं वाटत होतं.

पुतणीच्या लग्नाला देऊळघाटहून मावशी आली. आईची सख्खी धाकटी बहीण. दोघी एका अंथरुणात झोपून मोठ्या झालेल्या. म्हातारी घरात आली, पाणी प्यायली, आणि भिंतीकडं बघून म्हणाली, "हे कोन?"

"माय," दादा म्हणाला.

"नाही बाप्पा." मावशी उठून जवळ गेली, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "नाही वं. हे माही बहीन नाही." मग तिनं आईची एक खूण सांगितली. चेहऱ्यावरचीच, आणि अशी, की चित्रातल्या बाईला असणं शक्यच नव्हतं. दादा मंडपाचं काम बघायला निघून गेला. बाकीच्यांचं लक्ष नव्हतं. ती खूण फक्त मी ऐकली, आणि माझा हात आपोआप चेहऱ्याकडं गेला, कारण तशी खूण मलाही आहे. आरशात मी ती जन्मभर पाहत आलेय. कोणाकडून आली हे मला कधी कळलं नव्हतं.

लग्न झालं, पाहुणे पांगले. मावशीचा पाय सुजला म्हणून ती दादाकडंच राहिली. तिची खाट त्याच खोलीत होती. मी मधून मधून जायचे. पहिल्यांदा ती चित्राकडं पाठ करून बसायची. नंतर तिनं खाट फिरवून घेतली, वारा इकडून येते म्हणून. नंतर एकदा गेले तर फुलं तीच बदलत होती.

तिला न्यायला तिचा मुलगा आला तेव्हा मी तिथं होते. मावशीनं पिशवी भरली, लुगड्याचा पदर नीट केला आणि भिंतीपाशी जाऊन हात जोडले. "येतो वं बाई," म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "मावशी, तू म्हणाली होतीस ना, ही माझी आई नाही?"

"कोन म्हनलं?"

"तू. आल्या दिवशी. खूण सांगितली होतीस."

मावशीनं माझ्याकडं नीट पाहिलं. लबाडी नव्हती तिच्या तोंडावर, नुसती काळजी होती, माझी. "कोनती खून, बाई? अशीच होती ते. कोनी हाक मारली का असंच वळून पाहे." आणि तिनं मान डावीकडं वळवून दाखवली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सरांकडं गेले. त्यांनी कॉम्प्युटर लेकीकडं परत पाठवला होता. ओट्यावर बसून डाव्या हातानं रेघा ओढायचा सराव करत होते, लहान मुलं काढतात तशा, आडव्या आणि उभ्या. दोन-तीन रेघा झाल्या की थांबायचे. मी सगळं सांगितलं. मावशीचं पहिल्या दिवशीचं बोलणं, आणि जातानाचं.

त्यांनी पेन्सिल कागदावर ठेवली. मग म्हणाले, "मंग ते खून आता कोनाले ठाऊक हाये?"

"मला."

"अजून कोनाले?"

"कोणालाच नाही. मावशी विसरली."

"तुमाले पक्की आठवते?"

"हो. सांगते ना, तिच्या—"

सरांनी हात वर केला. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना खोदून खोदून विचारलं होतं, तो उठला आणि माझ्याकडं पाठ करून भिंतीशी उभा राहिला.

"मले सांगू नका, मॅडम," ते म्हणाले. "कोनालेच सांगू नका. सांगतलं का जाते. तुमच्यापाशीच राहू द्या."

मी सांगितली नाही. इथंही लिहीत नाही.